सही करो

भोपाळहून मार्गदर्शक येणार असं कळलं की आमच्या हातात आधी चुन्याची बादली यायची. उपकेंद्राच्या भिंती, पायरीजवळचे दगड, कडुनिंबाचं खोड, जे म्हणून जागचं हलत नसेल त्याला चुना फासायचा असा अलिखित हुकूम होता. एकदा घाईत मी औषधांच्या कपाटाचे पायही रंगवले होते. आरोग्य आणि चुना यांचा काय संबंध, हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणी समजावून सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर रस्त्यावरच्या एका मराठी बोलणाऱ्या गावात नर्स होते. नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि स्वभाव मात्र आधीच पक्का झाला होता, म्हणजे तापट. नाकावर राग ठेवून मी लसी टोचत फिरायची आणि माझ्या मागे लोक म्हणायचे, सुईपेक्षा बाईच जास्त टोचते. ते मला ऐकू यायचं, पण लस घ्यायला ते येत होते, म्हणून मी सोडून द्यायची.

त्या काळात राज्य सरकारनं एक योजना काढली होती. गावोगावच्या दायांना शिकवायचं, त्यांना सामानाची पेटी द्यायची आणि बाळंतपणं त्यांच्याच हातून पण स्वच्छ रीतीनं करून घ्यायची. योजना चांगली होती, हे मी रागातही कबूल करते. तिला वळण लावायला भोपाळात मोठमोठ्या डॉक्टरांचं आणि अधिकाऱ्यांचं एक मार्गदर्शन मंडळ होतं. ही मंडळी रेल्वेनं पांढुर्ण्याला उतरायची, तिथून जीप करायची आणि आमच्या गावावरून सुसाट पुढे जायची, कारण आधी जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन. आम्ही हार घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. पहिल्या फेरीत आमच्या वाट्याला धूळ यायची, परतीच्या फेरीत साहेब यायचे, आणि तोवर हारातली फुलं माना टाकून बसलेली असायची.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर, उंच डॉक्टर. माणूस मोठा आणि मनानं सरळ, पण हिंदी अशी भरजरी की ऐकताना दडपण यावं. पहिल्या भेटीत ते पारावर उभे राहून म्हणाले होते, “हम आपके गाँव के लिए पूरी चेष्टा करेंगे।” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आमच्याकडे चेष्टा म्हणजे टवाळी. बाजारातली हिंदी आमच्या लोकांना चांगली येते, पण ही हिंदी बाजारातली नव्हती. मागे बसलेला एक संत्र्याच्या बागेचा मालक शेजाऱ्याला शांतपणे म्हणाला, एवढ्या दुरून चेष्टा कराले आले काय. सभा संपल्यावर मी घरोघर जाऊन अर्थ सांगितला. काहींना पटला, काहींना त्यांचा स्वतःचाच अर्थ जास्त खरा वाटला.

आता मावशी. मावशी म्हणजे आमच्या गावची दाई. बौद्ध वस्तीत राहायची, दिवसा कापूस वेचायला जायची आणि बोलावणं आलं की ओटीतला कापूस तिथेच सोडून निघायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली होती आणि त्यातली बरीचशी तिला दारात उभं करायची. शेतकऱ्यांच्या मोठ्या घरांत तिला मागच्या दारानं यावं लागे, गोठ्यातून, शेणातून पाय टाकत. बाळ तिच्या हातात यायचं, त्याचं पहिलं रडणं तिच्या कानावर पडायचं, आणि ती त्याच गोठ्यातून परत जायची. ती गेली की घरभर पाणी शिंपडायचे. मला त्याचा संताप यायचा, तिला येत नसावा असं मला वाटायचं. ती माझी समजूत होती.

सौंसरच्या दवाखान्यात तिचं शिक्षण झालं. शेवटच्या दिवशी पेटी मिळणार होती, अंगठा उठवून. मावशीनं अंगठा द्यायला नकार दिला. म्हणाली, बाबासायबानं शिका म्हणून सांगितलं आन मी सरकारले आंगठा देऊ काय. त्याआधी दोन आठवडे ती माझ्यासमोर बसून चुलीपुढच्या राखेत आपलं नाव गिरवत होती. नाव आणि आडनाव मिळून सात अक्षरं. ती एकेक अक्षर आधी सुटं मांडायची, मग हात उचलून दम घ्यायची आणि डावीकडून उजवीकडे शिरोरेघ एका झटक्यात ओढायची, दाराला अडसर घालावा तशी. बाकी वाचायला तिला येत नव्हतं. सही मात्र येत होती, आणि ती बघून दवाखान्याच्या कारकुनानं खुर्ची पुढे सरकवली होती, हे ती वर्षभर सांगत होती.

पेटी साधीच, अ‍ॅल्युमिनियमची. आत साबण, दोरा, पातं, कापूस, रबरी चादर आणि अंगठ्यांसाठी शाईचा डबा. पण त्या पेटीनं एक गोष्ट केली जी मला भांडून जमली नव्हती. पेटी सरकारी. सरकारी पेटी गोठ्यातून कशी न्यायची, असं मावशीनं पहिल्याच घरी विचारलं. घरच्यांनी पुढचं दार उघडलं. तेव्हापासून पेटी पुढच्या दारानं जाऊ लागली, आणि पेटी हातात धरून मावशी.

एकच घर अडून होतं, संत्र्याच्या बागेवाल्यांचं. त्या घरी वर्षानुवर्षांत बाळंतपणच झालं नव्हतं. आता सुनेला नववा लागला होता. घरची म्हातारी, जिला सगळं गाव मोठी आई म्हणायचं, ती ओट्यावर बसून पेटीकडे नुसती बघायची. मावशी म्हणायची, पाहू न बाई, कोनत्या दारानं बलावते तं.

अशात भोपाळहून दुसऱ्यांदा मार्गदर्शक येणार असल्याचा कागद आला. या वेळी दायांची परीक्षा होती. जी नापास होईल तिची पेटी परत घेणार. सोबत नवी छापील रजिस्टरं आली होती आणि जुन्या वहीतल्या नोंदी त्यात उतरवायच्या होत्या. मावशी मला तोंडी सांगायची आणि मी लिहायची, अशी आमची पद्धत होती. मी एका दुपारी बसून एक पान, आठ बाळंतपणं, भराभर उतरवलं. एका हातात पेन, दुसऱ्या हातात चुन्याचा कुंचला, अशी माझी अवस्था होती.

जुन्या वहीत आधी घर क्रमांक होता आणि मग आईचं वय. नव्या रजिस्टरात भोपाळवाल्यांनी रकाने उलटे छापले होते, आधी वय, मग घर क्रमांक. मी वरचं वाचलं नाही. मलेरियावाल्यांनी गावातल्या प्रत्येक दारावर गेरूनं जो नंबर टाकला होता, तो मी आईचं वय म्हणून लिहून टाकला. चूक शंभर टक्के माझी, पण पाया भोपाळात घातलेला होता एवढं मी आजही म्हणेन.

परीक्षेच्या दिवशी जीप एकदा धूळ उडवून गेली आणि दोन तासांनी परत आली. मोठे डॉक्टर उतरले, कपाळाला शेंदूर. त्यांच्यामागे एक अधिकारी, काखेत फाईल. गाव जमलं. मोठी आईसुद्धा ओटा सोडून कडुनिंबाखाली येऊन बसली. ड्रायव्हर बागेवाल्यांनी दिलेल्या संत्र्यांच्या गोण्या जीपमध्ये रचू लागला.

सुरू करण्याआधी अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. परीक्षा दाईची आहे, सिस्टरनं मध्ये तोंड उघडलं तर दाई नापास, असं त्यानं बजावलं. मी होकार दिला. एवढा सोपा नियम मला कुणीतरी आधीच घालून द्यायला हवा होता, असं गावातल्या दोघाचौघांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

डॉक्टरांनी टेबलावर रजिस्टर उघडलं आणि चष्मा लावला. पहिल्या ओळीत वय चौतीस. ते पुढे गेले. दुसऱ्या ओळीत एकाहत्तर, आणि त्यापुढे जुळी. ते थांबले. तिसऱ्या ओळीतली आई नऊ वर्षांची होती. चौथ्या ओळीतली एकशे बारा. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला, पण बाई एकशे बाराचीच राहिली.

काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं.

मोठे डॉक्टर भले माणूस होते. ते रागावले नाहीत. दाई शिकली आहे असं त्यांच्या कागदावर होतं, तेव्हा आकडा तिनंच लिहिला असणार आणि तिनंच सुधारावा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी मावशीच्या हातात आपलं पेन दिलं, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अम्मा, इसे सही करो।”

सही-गलत मावशीला कळत नव्हतं असं नाही. बाजारात तीही म्हणायची, भाव सही लाव. पण समोर रजिस्टर, हातात साहेबाचं पेन, आणि साहेब म्हणतो सही करो. अशा वेळी आमच्या भागातलं कोण आकडा बघत बसेल? मावशीनं पदर सावरला, खाली बसली आणि ओळीच्या शेवटी समासात सही केली. सात अक्षरं, दम, शिरोरेघ. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं, कारण तेवढा वेळ लागत होता.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. वय अजून एकाहत्तरच. त्यांना वाटलं, म्हातारी घाबरली. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर सरकलं. अच्छा, इसे सही करो. मावशीनं तिथेही केली. मग चौथ्या ओळीवर, मग पाचव्या. प्रत्येक ओळीपुढे ते थोडं आणखी गोड आवाजात सांगायचे आणि ती थोडी आणखी मन लावून सही करायची. आठव्या ओळीपर्यंत दोघंही घामाघूम झाले होते. मोठी आई शेजारणीला म्हणाली, लय कागद दिसते वं सरकारचे.

मला ओरडून सांगायचं होतं. नियम होता हे खरं, पण माझी जीभ नियमानं बांधली नव्हती. जी बाई साध्या कंडक्टरचा नियम ऐकत नाही ती यांचा काय ऐकणार? मी भ्याले होते. चूक माझी निघाली तर माझी नोकरी पक्की होणार नव्हती. मावशीच्या सह्या एकेक वाढत होत्या आणि मी माझ्या पायांकडे बघत होते. त्या पाच मिनिटांची लाज मला अजून वाटते.

शेवटी डॉक्टर थकले. त्यांनी सगळ्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. “अम्मा, यह सही नहीं है।”

मावशीचा हात थांबला. तिनं पान जवळ ओढलं, आपल्या अक्षरांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. तिचा चेहरा उतरला. मग तिनं उरलेल्या पहिल्या ओळीपुढे, त्या चौतीसपुढे, जिकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणखी एक सही केली. सगळ्यांत सुबक. पेन खाली ठेवलं आणि हळू म्हणाली, “हे बी सही नाई? मंग आंगठाच देऊ काय, साहेब?”

डॉक्टरांना काही कळलं नाही. अधिकाऱ्याला मात्र पुरेसं कळलं होतं. त्यानं फाईलमध्ये नापास लिहिलं आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं पेटी उचलली आणि जीपमध्ये संत्र्यांच्या गोण्यांवर ठेवली. मोठी आई उठली, लुगडं झटकलं आणि घराकडे चालू लागली. तिला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. तिच्यामागून निम्मं गाव बातमी घेऊन पांगलं. मावशी जमिनीवर बसूनच होती, पेटी असायची त्या जागेवर हात ठेवून.

तो हात मला बघवेना. मी पुढे झाले आणि म्हटलं, चूक माझी आहे. ते आकडे वय नाहीत, घरांचे नंबर आहेत, आणि ते मी लिहिलेत, तिनं नाही. अधिकारी म्हणाला, सिस्टर, नियम. मी म्हटलं, नियम तुमच्या फाईलमध्ये ठेवा. मग डॉक्टरांकडे वळून सांगितलं, साहेब, आमच्याकडे सही म्हणजे दस्तखत. तुम्ही सात वेळा मागितली, तिनं आठ वेळा दिली. वरून तुम्ही तिला सांगितलं की हे दस्तखतच नाही.

आवाज माझा नेहमीचाच होता, म्हणजे पारावर ऐकू जाणारा. डॉक्टरांनी जुनी वही मागवली, दोन्ही पानं शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून पाहिली. एकाहत्तर नंबरच्या घरातली आई तेवीस वर्षांची निघाली. एकशे बारावालीही रीतसर तरुण झाली. पहिल्या ओळीतलं चौतीससुद्धा घरच होतं, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अधिकारी तरी हटेना. म्हणाला, आता सुधारणा कशी करणार? सरकारी रजिस्टरात नुसती खाडाखोड चालत नाही. प्रत्येक खाडाखोडीसमोर त्या दाईचे दस्तखत लागतात, नाहीतर पान रद्द.

डॉक्टरांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवून विचारलं, “और ये क्या हैं?”

आठ चुका, आठ ओळी, प्रत्येकीसमोर एक सही. अधिकाऱ्यानं वरून खाली मोजल्या, मग खालून वर मोजल्या. मी लाल शाईनं आठही ओळींतली वयं आणि घर क्रमांक सुधारले आणि ते पान आमच्या तहसिलीतलं सगळ्यांत कायदेशीर पान झालं. मोठे डॉक्टर मात्र हसायला लागले ते थांबेचनात. कपाळावरचा शेंदूर घामानं नाकापर्यंत आला. त्यांना पाणी द्यावं लागलं.

पेटी जीपमधून परत आली, तिला संत्र्यांचा वास लागलेला. आत सामान बरोबर आहे का बघायला डॉक्टरांनी कडीला हात घातला. मावशी अजून फुरंगटलेलीच होती. तिनं पेटी आपल्याकडे ओढली आणि हात धुतले का म्हणून विचारलं. हे त्यांच्याच योजनेचं पहिलं वाक्य होतं. डॉक्टर निमूटपणे उठले, बादलीजवळ गेले, तिनं दिलेल्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखांसकट. ती शेजारी उभी राहून पाहत होती. परीक्षा एवढीच झाली. जाताना त्यांनी मावशीला वाकून नमस्कार केला आणि मला सांगितलं की रकाने उलटे छापल्याबद्दल मंडळाच्या वतीनं ते दिलगीर आहेत. अधिकाऱ्यानं हे लिहून घेतलं नाही.

जीप गेल्यावर मी मावशीची माफी मागितली. तिनं पेटीची कडी लावली. मग म्हणाली, “सही माही होती बाई, चूक तुमची होती. पुढच्या बारीनं आधी सांगत जा, मंग सही करीन.”

पेटी गेली ही बातमी गावभर झाली होती, पेटी परत आली ही बातमी मात्र कुणी नेली नव्हती. असल्या बातमीला पाय फुटत नाहीत. त्यामुळे दोनच दिवसांनी बागेवाल्यांच्या घरचा गडी बोलवायला आला तेव्हा त्यानं सांगितलं, मागचं दार उघडून ठेवलं हाय. मीही मावशीबरोबर निघाले. गोठ्याकडच्या वाटेवर मावशी वळलीच नाही. ती सरळ पुढच्या ओट्याशी गेली, पेटी पायरीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. माझ्या तोंडाशी चार कडक वाक्यं आली होती. मावशीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी ती गिळली, हा माझ्या आयुष्यातला विक्रमच.

दाराच्या फटीतून मोठ्या आईनं आधी मावशीला पाहिलं, मग पेटीला. पेटीला जरा जास्त वेळ. आतून पुन्हा कण्हणं आलं. अडसर निघाला.

मुलगी झाली, धडधाकट. सगळं आटोपल्यावर मी रजिस्टर काढलं. या वेळी रकाने तीनदा वाचले. मावशीनं मला वय विचारून लिहायला लावलं, घराच्या दारावरचा नंबर तिनं स्वतः जाऊन बोटानं दाखवला. शेवटच्या रकान्यात घरातल्या मोठ्या माणसाची सही लागत होती. मी पेन मोठ्या आईपुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही. पेनाकडे बघत राहिली, मग दुसरीकडे बघू लागली. मला आधी कळलंच नाही. मावशीला कळलं.

तिनं पेटीतून शाईचा डबा काढला. पेटी आल्यापासून तो कधी उघडला नव्हता. मोठ्या आईचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला, त्या घरानं तोवर कधी हातात न घेतलेल्या हातात, आणि तिचा अंगठा शाईवर टेकवला.

“जरा दाबून धरा, माय,” मावशी म्हणाली. “आंगठाबी चालते.”

मोठ्या आईचा अंगठा रकान्यात उमटला. मावशीनं त्याच्या खाली आपली सात अक्षरं मांडली, दम घेतला, शिरोरेघ ओढली, आणि पेटी उचलून आली त्याच दारानं बाहेर पडली.